चौऱ्याऐंशीतली अठ्ठाविसावी

४ एप्रिल, गुरुवार

नियम चार आज आमच्याच दारात येऊन उभा राहिला. मानांकन मंडळाचं पत्र. शिकागोहून, दीड पान, कुठेही 'कृपया' नाही. २०१८च्या शरदात सेंट लुडमिला कॉलेजात जे विद्यार्थी पहिल्यांदा आणि पूर्णवेळ दाखल झाले, त्यांतले किमान एक-तृतीयांश सहा वर्षांत पदवीधर व्हायला हवेत. मुदत ३१ ऑगस्ट. न झाल्यास मान्यता काढून घेण्यात येईल. चर्चा नाही, पाहणी नाही, अपील नाही.

क्रेगने ते मोठ्याने वाचलं. क्रेग डेटमर, आमचा अध्यक्ष. आधी ट्रॅक्टर विकायचा, आता शिक्षण विकतो. दोन्हीकडे गिऱ्हाईक बेताचंच. वाचून पत्र टेबलावर आपटलं. 'कुठल्या गाढवाने लिहिलाय हा नियम?'

मी हात वर केला.

५ एप्रिल

रात्रभर विचार करून क्रेग सकाळी पुन्हा आला. 'तू लिहिलास म्हणजे — म्हणजे शब्दशः तू?'

शब्दशः मी. बर्नाडीन ह्रुस्का, वय चौपन्न, लेखन आणि वक्तृत्व विभाग. 'विभाग' म्हणजे मी आणि एक प्रिंटर.

सात वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता. जुन्या मानांकनाची खिल्ली. दहा वर्षांतून एकदा शेजारच्या राज्यांतल्या कॉलेजांमधून पाच प्राध्यापक यायचे. तीन दिवस राहायचे. हॉटेलच्या खोलीत आम्ही टोपल्या ठेवायचो — सफरचंदं, चीज, खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमच्या गावचे गोड पाव. ते आमच्या कागदपत्रांचे आठ जाडजूड बायंडर चाळायचे, ज्यांतले सहा आम्ही त्यांच्यासाठीच भरलेले. संस्थेचं ध्येयवाक्य झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांकडून पाठ करून घ्यायचो. बॉयलरवाल्या ड्वेनला एका बाईंनी विचारलं, 'या संस्थेचं ध्येय काय?' तो म्हणाला, 'पाइप फुटू नयेत.' तेवढंच एक खरं उत्तर त्या तीन दिवसांत. शेवटी समितीप्रमुख उभ्याने, अंगात कोट घालून निष्कर्ष वाचायचा. प्रश्न विचारायचे नाहीत असा रिवाज. बाहेर भाड्याची गाडी सुरूच. आणि निष्कर्ष काय? तर 'चिंतेसह समाधानकारक'. आज तुम्ही आमची पाठ खाजवा, पुढच्या वर्षी आम्ही तुमची!

लेख गाजला. मंडळाने सुधारणा समिती नेमली आणि मला बोलावलं. टीकाकाराला खुर्ची दिली की तो फर्निचरचा भाग होतो, हे तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं. मी जोरात होते. म्हटलं, कोलाचे बंद. पाहुणे बंद. एक आकडा ठेवा. आकडा बोलेल, माणसं गप्प बसतील.

टाळ्या पडल्या होत्या. आजही कानात आहेत. हलकट टाळ्या.

८ एप्रिल

सिस्टर क्लोटिल्डनी रजिस्टर काढलं. सिस्टर एक्याऐंशी वर्षांच्या. हे कॉलेज ज्या जोगिणींनी काढलं त्यांतल्या शेवटच्या. बाकीच्या टेकडीवर, दगडांखाली. संगणकात सगळं आहे, तरी सिस्टरांचा विश्वास फक्त वहीवर.

दाखल झालेले — चौऱ्याऐंशी. पदवीधर — सत्तावीस.

हवेत अठ्ठावीस.

एक! एक माणूस कमी! क्रेग म्हणाला, 'तेहतीसच्या जवळच आहे ना? जरा वर ओढून घेता नाही येत?' मी म्हटलं, नाही. 'अपूर्णांक पूर्ण करू नये.' तेही मीच लिहिलंय. त्या वाक्याचा मला अभिमान होता.

सत्तावीस म्हणजे मान्यता गेली. मान्यता गेली की सरकारी मदत बंद, आणि आमची दहांतली नऊ मुलं त्या मदतीवर शिकतात. म्हणजे कुलूप. आमच्या वेसेली गावात दोनच उद्योग आहेत, डुकरं कापायचा कारखाना आणि आम्ही. आम्ही गेलो की गावातल्या मुलांना निवड करायचे कष्ट उरणार नाहीत.

११ एप्रिल

आजचा दिवस विसरायला हवा, म्हणून लिहून ठेवते.

क्रेगला फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक तरतूद सापडली. मोजणीतून कोणाला वगळता येतं? मृत. कायमचे अपंग. सैन्यात गेलेले. चर्चच्या सेवेवर गेलेले.

त्याने खडू घेऊन फळ्यावर गणित मांडलं. ट्रॅक्टर विकताना हप्ते मांडायचा तसं. 'चौऱ्याऐंशीतून तीन वगळले की एक्याऐंशी. त्याचा एक-तृतीयांश सत्तावीस. सत्तावीस आपल्याकडे आहेतच! फक्त तीन, बर्नी. सत्तावन्न जण सोडून गेलेत. त्यांतले तीन तरी असतील की.'

'असतील म्हणजे काय, क्रेग?'

'म्हणजे... सैन्यात.'

'आणि?'

'आणि जे काय इतर आहे त्यात.'

सिस्टरांनी क्रूस केला. मग चष्मा पुसला आणि याद्या वाटल्या. यादीत छप्पन नावं. सत्तावन्नावी बाई मी हाताळेन म्हणाले, ती वेगळी भानगड आहे. क्रेगला वीस, सिस्टरांना अठरा, मला अठरा.

हे या देशातलं उच्च शिक्षण. तीन सुशिक्षित माणसं फोन घेऊन बसलीत आणि आपलेच विद्यार्थी मेलेत का ते विचारतायत. आशेने.

१२ एप्रिल

सहा फोन. कोणी मेलेलं नाही.

टायलर सेडलाचेक ट्रक चालवतो. वायोमिंगमधून बोलत होता, मागे वाऱ्याचा आवाज. म्हणाला, 'प्रोफेसर ह्रुस्का? अजून जिवंत आहात?' म्हटलं, हाच प्रश्न मी तुला विचारणार होते. मग खरं काय ते सांगून टाकलं. तो इतका हसला की गाडी बाजूला घेतली. 'सॉरी हं प्रोफेसर. जमलं असतं तर तुमच्यासाठी नक्की मेलो असतो. पण गुरुवारी डिलिव्हरी आहे.'

१६ एप्रिल

यादीतल्या चार मुली एका वर्षात आमच्याकडून लिंकनला गेल्या, मोठ्या विद्यापीठात. चौघी आज नर्स आहेत. एकीने तर माझ्याच मावशीला शेवटचे तीन आठवडे सांभाळलं. मोजणीत या चौघी नापास. आमच्याकडे सुरू करून दुसरीकडे संपवलं की ते दोन्हीकडे धरत नाहीत.

समितीत मला कोणीतरी हे विचारलं होतं. मिनेसोटाचा एक शांत माणूस. मी काय म्हणाले होते? 'अपवाद करत बसलो तर नियम कशाला?' सगळे हसले. त्या वेळी माझं बोलणं नेहमी कोणाच्या तरी अंगावर पडायचं आणि बाकीचे हसायचे. त्यालाच मी बुद्धी समजत होते.

१८ एप्रिल

क्रेगला सैनिक मिळाला. डकोटा वीझ, टेक्सासमधल्या छावणीत. क्रेग कॉरिडॉरमध्ये ओरडत आला, 'एक मिळाला!' कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बदकं मारायला गेलो होतो.

२२ एप्रिल

कोडी ब्रँडल. मला आठवतो. मागच्या बाकावर, टोपी उलटी, वहीत कायम मासे काढायचा. फोन आईने उचलला.

म्हटलं, सेंट लुडमिलातून बोलतेय, कोडी आहे का.

तिने मागचा टीव्ही बंद केला. मग, 'कोडी दोन वर्षांपूर्वी गेला, बाई. फेब्रुवारीत. नशेच्या गोळ्या.'

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. तीच म्हणाली, 'बरं झालं फोन केलात. तो कॉलेज सोडून आला तेव्हा वाटलं होतं, तिथून कोणीतरी विचारेल. चला, विचारलंत तरी.'

आणि मग मला तिच्याकडे मृत्यूचा दाखला मागावा लागला. झेरॉक्स. वगळण्यासाठी पुरावा जोडणे बंधनकारक. मी मागितला. ती म्हणाली, 'हो हो, पाठवते ना.' कशासाठी, हे तिने विचारलं नाही. आमच्याकडची माणसं विचारत नाहीत. मागितलं की देतात.

क्रेगला सांगितलं. त्याच्या तोंडून निघून गेलं — 'उत्तम!' मग कान लाल. मग स्वतःच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी त्याला शिव्या घालणार होते. पण फोन ठेवताना माझ्याही मनात पहिला शब्द आला होता तो 'दोन'.

२९ एप्रिल

दाखला आला. सोबत कोडीचं पहिल्या वर्षाचं ओळखपत्र. आईची चिठ्ठी: 'हे कॉलेजचं आहे, परत करायचं राहून गेलं होतं.'

टाकवत नाही. फाइलला लावता येत नाही. पर्समध्ये घेऊन फिरतेय.

३ मे

छप्पन फोन संपले. वगळता आले दोन. ब्याऐंशींपैकी सत्तावीस. अजूनही एक-तृतीयांश नाही. थोडक्यात, अगदी थोडक्यात हुकलं.

तिसरं मढं नाही, तर एक जिवंत पदवीधर हवा. दोन्ही बाजूंनी एकच.

क्रेग म्हणाला, 'तुझी ती सत्तावन्नावी भानगड काय होती?'

६ मे

भानगडीचं नाव येसेनिया बारिएंतोस. वय छत्तीस. कारखान्यात दुसऱ्या पाळीला. २०१८ला पूर्णवेळ दाखल झाली. साथीच्या वर्षी निम्मा कारखाना आजारी पडला, त्यात ती आणि तिचा भाऊ. ती उठली. भाऊ उठला नाही. परत आली, एकेक विषय करत. शिक्षिका व्हायचंय, गावातल्याच प्राथमिक शाळेत, जिथे आता निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात आणि शिकवणाऱ्या सगळ्या नोवाक नाहीतर श्मिट आडनावाच्या. शाळेने जागा धरून ठेवली आहे.

एक विषय सोडून तिचं सगळं झालंय. तो विषय माझा. लेखन. डिसेंबरपासून माझ्या वहीत तिच्यापुढे 'अपूर्ण' लिहिलंय. शेवटचा निबंध दिलेला नाही. दहा पानं, 'तुम्हाला आतून माहीत असलेल्या एखाद्या गोष्टीविषयी'.

म्हणजे नियम माझा, आकडा माझा, विषय माझा आणि लाल पेनही माझं. सर्कशीतला तंबू, सिंह आणि तिकीटखिडकी एकाच बाईची.

८ मे

पाळी बदलण्याआधी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाठलं. ती गाडीत बसून बरीटो खात होती, मांडीवर कागद.

'प्रोफेसर? तुम्ही इथे? कोणी मेलं का?'

आता सगळे मला हेच विचारतात.

म्हटलं, निबंधाचं काय झालं. तिने मांडीवरचे कागद दाखवले. चार पानं. डिसेंबरमध्येही चारच होती.

'ही तीच आहेत?'

'नाही हो. ती फाडली. मग ती पण फाडली. ही पाचवी चार.'

विषय तपासणीचा. कारखान्यात लाइनच्या टोकाला सरकारी तपासनीस असतो. लाइनचा वेग वाढवला. पूर्वी तो प्रत्येक जनावर वळवून बघायचा, आता बघतो तोवर पुढचं आलेलं असतं. शिक्का मात्र प्रत्येकावर पडतो. हे ती लिहितेय. उत्तम लिहितेय! तिसरं पान वाचताना मी बरीटोचा वास विसरले.

'मग अडलंय कुठे?'

'तुम्हीच अडवलंय की!' तिने पहिल्या मसुद्याचं पान काढलं. चिकटपट्टी लावून जपून ठेवलंय. समासात माझं लाल अक्षर: 'हे तुला खरंच म्हणायचंय का?'

वाक्य होतं: 'कामगारांचा यात काही दोष नाही.'

'मी विचार केला, प्रोफेसर. मला ते नाही म्हणायचंय. एकदा एक खराब जनावर गेलं. मी बघितलं. दोरी ओढून लाइन थांबवायची असते. नाही ओढली. सुपरवायझर बघत होता. ते लिहायला पाहिजे. ते कसं लिहायचं ते मला येत नाहीये.'

वीस वर्षं मी प्रत्येकाच्या समासात ते वाक्य लिहितेय. हजारो समास. कोणी मनावर घेत नाही, 'हो' लिहून परत देतात. सबंध नेब्रास्कात एकीने मनावर घेतलं, ते नेमकं हिने आणि नेमकं आत्ता!

९ मे

कॉलेजचं काय होऊ घातलंय ते तिला सांगितलेलं नाही. सांगू नये असं ठरवलं. तेवढा तरी प्रामाणिकपणा.

१३ मे

क्रेगने तिला सांगितलं. फोन करून. गधडा.

१४ मे

येसेनिया ऑफिसात आली. कामाचे बूट, केसांवर जाळी तशीच.

'म्हणजे मी अठ्ठाविसावी.'

'हो.'

'सहा वर्षं मी इथे येते. पार्किंगचा पास मागितला तर म्हणाले, तुम्ही नियमित विद्यार्थी आहात का ते बघावं लागेल. आता अध्यक्ष मला घरी फोन करतात! माझी आई घाबरली, तिला वाटलं पोलीस.' हसली. मग हसणं थांबलं. 'तुम्ही पार्किंगमध्ये आलात ते यासाठी ना? मला वाटलं निबंधासाठी.'

मी म्हटलं, दोन्हीसाठी.

'बरं,' म्हणाली. 'खरं बोललात. ऑगस्टपर्यंत देते.'

२० जून

निबंध नाही. कारखान्यात सहा दिवसांचा आठवडा लावलाय.

२ जुलै

शिकागोला फोन केला. मंडळातल्या बाई, मिसेस अ‍ॅबरनॅथी, फार गोड बोलतात. म्हटलं, त्या चार नर्सेस तरी धरा. चार नर्सेस म्हणजे चार माणसं हो, हवेत नाही गेली. त्या म्हणाल्या, 'प्रोफेसर ह्रुस्का, तुमची अडचण मी समजू शकते. पण पाहणी, भेटी, संदर्भ हे सगळं आपणच काढून टाकलं ना? तुमचं वाक्य आम्ही इथे स्वागतकक्षात लावलंय. आकडा बोलेल, माणसं—'

'माहितीये,' म्हटलं. फोन ठेवला. माणसं गप्प बसली.

५ जुलै

जुन्या पाहणीत एक माणूस आला होता. आर्लो नायगार्ड. साउथ डकोटाचा, जाडा, घामट, टाय कायम सूपमध्ये. लेखात मी त्याचीच सगळ्यात जास्त टिंगल केली. 'तीन दिवसांत त्याने फक्त स्वयंपाकघराची पाहणी केली' असं लिहिलं. लोक पोट धरून हसले.

खरंच केली होती. भांडी घासणाऱ्या बायकांशी बोलत बसला. त्यातून त्याला कळलं की संध्याकाळच्या वर्गांना येणारी कामगार मुलं उपाशी बसतात, कारण स्वयंपाकघर सहाला बंद. अहवालात एक ओळ टाकली. आम्ही नऊपर्यंत उघडं ठेवायला लागलो. अजून ठेवतो. येसेनिया सहा वर्षं तिथेच जेवली.

आठ बायंडरांत एक ओळ. मला वाटायचं, एका ओळीसाठी एवढा तमाशा कशाला. आता वाटतं, तमाशा बंद करायचा होता. ओळ नाही.

पण हे सगळं खरं असलं तरी ती समिती ढोंगीच होती. बाकीचे चौघे कोलाचेच खात होते. उगाच गहिवरू नये.

१ ऑगस्ट

सहा पानं झाली म्हणे. बघू दिली नाहीत.

१९ ऑगस्ट

नवं वर्ष सुरू. पहिल्या वर्षाला एकसष्ट मुलं. एकीने विचारलं, 'प्रोफेसर, हे कॉलेज चार वर्षं चालेल ना? बाबा विचारत होते.' मी म्हटलं, चालेल. आवाज इतका ठाम आला की मीच दचकले.

२७ ऑगस्ट

येसेनियाचा फोन. जेवणाच्या सुट्टीतून, मागे होस पाइपचा आवाज. 'आठ पानं झाली. ती दोरीची जागा आली आणि परत अडलं. आठवडा द्याल का?'

म्हटलं, आठवडा नाहीये. शनिवार शेवटचा.

'म्हणजे माझा आठवडा नाहीये की तुमचा?'

मी वही पुढे ओढली.

'जे आहे ते देऊन टाक,' म्हटलं. 'आठ पानंही चालतील. मी पास करेन.'

'शेवट नसताना?'

'शेवट नसताना.'

तिकडे नुसतं पाणी वाहत होतं. मग म्हणाली, 'तुम्ही असं बोलत नाही, प्रोफेसर.' आणि घंटा झाली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

काही आलेलं नाही.

क्रेग दुपारी माझ्यासमोर बसला. या वेळी खडू नाही, फळा नाही. एकदम म्हातारा दिसला. 'बर्नी, मी तुला काही सांगत नाहीये. ग्रेड तुझा अधिकार. फक्त एवढंच म्हणतो की सी पुरेल. एक सी. तू तिची आठ पानं वाचलीयेस.'

'चार.'

'चार. ती चांगली होती म्हणालीस ना?'

'ए होती.'

'मग? चार पानं ए, सहा पानं शून्य, सरासरी किती येते?' डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ट्रॅक्टर विकताना कधी आलं नसेल. 'त्या एकसष्ट मुलांना मी काय सांगू? कारखान्यात जागा आहेत?'

३१ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर ऑफिसात. दाराखालून काही सरकतंय का बघत. दोनदा उठून कॉरिडॉर बघितला. ड्वेन पाइपांचा आवाज ऐकत होता.

चार वाजता वही उघडली. येसेनिया बारिएंतोस. 'अपूर्ण' खोडलं. सी लिहिला.

कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. निबंध तिच्या डोक्यात पूर्ण आहे. शाळेला ती हवी आहे. नियमच मूर्ख आहे, आणि मूर्ख नियमाला फसवणं ही फसवणूक नव्हे. एकूण नऊ कारणं काढली. खऱ्या गोष्टीला एवढी कारणं लागत नाहीत, हे मी पहिल्या वर्षाला शिकवते.

खाली सिस्टरांकडे नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, 'निबंध वाचलास?'

'हो.'

जोगिणीशी खोटं बोलले. आणि सोपं गेलं!

सिस्टरांनी वहीत लिहिलं — अठ्ठावीस. ब्याऐंशींपैकी अठ्ठावीस. पाच वाजायच्या आत मंडळाला गेलं.

१० सप्टेंबर

मंडळाचं पत्र. 'अट पूर्ण.' मान्यता दहा वर्षांसाठी.

क्रेगने भोजनगृहात सगळ्यांना बोलावलं. कोलाचे! मुलं टाळ्या वाजवत होती, कशासाठी ते निम्म्यांना माहीत नव्हतं. क्रेग भाषणात म्हणाला, 'संख्या कधी खोटं बोलत नाही.' मी जर्दाळूचा कोलाचे तोंडात कोंबला, म्हणजे तोंड उघडायला नको.

१३ सप्टेंबर

मिसेस अ‍ॅबरनॅथींचा फोन. नोव्हेंबरच्या परिषदेत मी बोलावं म्हणतात. विषय, 'छोट्या संस्थेने आकडा कसा गाठला'. वीस मिनिटं आणि प्रश्नोत्तरं. आता प्रश्न विचारायला परवानगी आहे म्हणे. ती सुधारणा.

हो म्हटलं. का म्हटलं?

१६ सप्टेंबर

सिस्टरांनी पदव्या टपालात टाकल्या.

१९ सप्टेंबर

येसेनिया आली. पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, न चुरगळता. 'निबंध अजून माझ्याकडेच आहे, प्रोफेसर. मग तुम्ही वाचलात कोणाचा?' आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पाळीची वेळ झाली म्हणून गेली.

खाली उतरले. सिस्टर जेवत होत्या. म्हटलं, वही काढा, आकडा चुकलाय. मंडळाला आजच कळवायचं, माझ्या सहीने.

सिस्टरांनी चमचा ठेवला. 'किती लिहू?'

'सत्तावीस.'